दुप्पट सरकलेला ठिपका

सिल्वासाच्या बसथांब्यावर विज्ञानाच्या शिक्षिका शोभाबाई खानवेलच्या बसची वाट पाहत होत्या. शेजारी सायली गावच्या कारखान्यातली दोघं बसली होती. चंदा विजेच्या छोट्या मोटारीनं हलणारे आरसे जोडायची, वाल्मिक ते तपासायचा.

"वाल्मिकभाऊ, तुम्ही माझे चाळीस नग रिजेक्ट केले. साहेब उद्यापासून येऊ नको म्हणाले मला."

"मी तरी काय करू, ताई? मोटारीनं सळई एक मिलिमीटर ढकलली की आरसा एक अंश झुकायला पाहिजे. तुमचा दोन अंश झुकतो."

"कसा झुकेल? सळई बिजागरीपासून सत्तावन्न मिलिमीटरवर बसवलीय, मोजून. एकच अंश होतो."

"मग दोन कुठून आले?"

"तुम्ही मोजलं कुठं?"

"भिंतीवर. आरशावरून लेझरचा ठिपका पडतो ना, तो दोन अंश सरकला."

शोभाबाईंना राहवलं नाही. "अहो, आरसा एक अंश फिरला की त्यावरून परतणारा उजेड दोन अंश फिरतो."

वाल्मिक चंदाकडे वळला.

"म्हणजे... चाळीसही बरोबर?"

"चला," चंदा उठली, "साहेबांना सांगू."

"तुमची बस आली, चंदाताई. मी सांगतो."

"जाऊ द्या बस. तुम्ही एकटे गेलात तर पुन्हा गोंधळ घालाल."