म्हशीनं वाजवलेला भोंगा

मंडळी, ऐका! आज एकच सवाल घालतो. संकटात आपण हाक मारली, तर लोकांनी आपल्यावर विश्वास का ठेवावा? आपण हुशार म्हणून? खुर्चीवर बसलो म्हणून? — नाही, नाही, खांबाला टेकलेल्या काकांना विचारू नका, झोपू दे त्यांना!

कातरवाडी नावाचं नदीकाठचं गाव. तिथला यशोधन खराडे पुण्यात कंप्युटरचा इंजिनिअर. चांगली नोकरी सोडली आणि निवडणुकीला उभा राहिला! आई म्हणाली, "बरा आहेस ना रे?" पण पठ्ठ्या निवडून आला! लहानपणी त्यानं शेजारचं घर माणसांसकट पुरात जाताना पाहिलं होतं. ते काही डोळ्यांपुढून हलेना. म्हणून आमदार झाल्याझाल्या त्यानं गावाच्या वरच्या अंगाला नदीत खांब रोवला, त्यावर यंत्र बसवलं. तिकडे पाणी चढलं की इकडे देवळावर भोंगा वाजणार — पळा टेकडीवर!

आणि वाजला की हो! कधी? गोजराआत्याच्या नातवाच्या बारशाला! पंगत बसलेली, जिलेबी वाढलेली — अन् अख्खं गाव टेकडीवर, बाळ पाळण्यासकट! वाट बघतायत... पाणी कुठाय? नदी आपली गप्प. आणि त्या खांबाला आत्याचीच म्हैस निवांत अंग घासतेय! खाज तिला सुटली, पळालं गाव! खाली येऊन बघतात, तर पंगतीला कुत्री बसलेली.

मग काय विचारता! विधानसभेत विरोधी बाकांवरची माणसं चक्क हंबरली! पक्षाचे पुढारी बापूसाहेब कानाशी लागले, "ठेकेदारावर ढकल आणि मोकळा हो." यशोधनचे कान लालबुंद झाले होते. तो उठला. "अध्यक्षमहोदय, खांबाला कुंपण घालायला हवं होतं. मला सुचलं नाही. चूक माझी."

एवढ्यावर थांबला का? छे! थेट गोजराआत्याच्या दारात. आत्या म्हणजे तोफ! "आलास? आता काय माझ्या म्हशीला तिकीट देतोस?" तो हात जोडून म्हणाला, "आत्या, तुमचं कार्य माझ्यामुळं नासलं. माझं चुकलं." आत्यानं मान फिरवली. पण चहा टाकला बरं का!

खांबाला कुंपण झालं. पण भोंगा आपोआप वाजणं बंद! यंत्रानं यशोधनच्या मोबाईलवर कळवायचं, आणि वाजवायचा की नाही, ते त्यानं ठरवायचं.

पुन्हा निवडणूक आली. कातरवाडीत भर दुपारी देवळाच्या पारावर सभा. लख्ख ऊन! यशोधन बोलायला उभा राहिला आणि खिशातला मोबाईल थरथरला. पाणी चढतंय! डोंगरात ढग फुटला असणार. बापूसाहेबांनी मनगट धरलं. "वेडा आहेस का? पुन्हा म्हैस निघाली तर तुझं राजकारण संपलं!"

समोर गाव, मंडळी, वर कोरडं आभाळ. पण त्याला ते वाहून जाणारं घर दिसलं. झटकला हात — दाबलं बटण!

भोंगा घुमला. आणि लोक... हसायला लागले! "अरे, म्हैस हाकला रे कुणीतरी!" एकही माणूस हलेना. यशोधन घसा फोडून ओरडतोय, "उठा, पाया पडतो, उठा!"

तेवढ्यात गोजराआत्या उभी राहिली. नातू काखेत! "दात काय काढताय? खोटा असता तर तेव्हाच दुसऱ्यावर ढकलून मोकळा झाला असता. माझ्या दारात येऊन चुकलो म्हणालाय हा! चला, गुरं सोडा!"

आत्या निघाली, मंडळी! तिच्यामागं आळी, आळीमागं गाव. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन माणसं धावली, बापूसाहेब तर चप्पल टाकून सगळ्यांच्या पुढं! टेकडी गाठली, आणि नदी गावात शिरली. भांडी गेली, भिंती गेल्या, सभेचा मांडव गेला. माणूस? एकही नाही! म्हैससुद्धा वाचली!

यशोधन खाली बसून ढसाढसा रडला. आत्या म्हणाली, "कुंपण घातलं होतंस ना रे?"

"घातलं होतं, आत्या."

"मग रडतोस कशाला? घे, पोराला धर."

निवडून आला का? अहो, बापूसाहेबच गुलाल उधळत होते!

आता तुमच्याकडं वळतो. हसलात ना बापूसाहेबांना? घरी "माझं चुकलं" शेवटचं कधी म्हणालात? बायकोला? सुनेला? भावाला? काका, जागे झालात, बरं झालं! आज जाऊन म्हणा. एक दिवस तुम्हीही जिवाच्या आकांतानं भोंगा वाजवाल, तेव्हा तुमच्या शब्दावर उठणारं एक माणूस घरात नको का?

उचला टाळ, घ्या देवाचं नाव!