कूलरच्या खोलीतलं मशीन

मंडळी, मागं उभे आहात त्यांनी पुढं या. सतरंजीवर जागा आहे. आज कुणी लांब उभं राहू नका.

इंदापूरच्या कॉलेजात मी कितीतरी वर्षं पोरांना कॉम्प्युटर शिकवला. बोलणं हाच माझा धंदा. पण वैशालीबद्दल 'होती' म्हणायला जीभ वळत नाही. गेल्या आठवड्यात सकाळी तिच्या छातीत कळ आली, आणि बारामतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हे काय जायचं वय होतं का हो? मला फार वाईट वाटतंय, आणि रागही येतोय. कुणावर येतोय ते कळत नाही. म्हणून आज थोडं आडवंतिडवं बोललो तर सांभाळून घ्या.

तिच्यावर बोलायला मी उभा राहिलोय ते दोन प्रश्नांमुळं. पहिला प्रश्न तात्यांचा, आपल्या दूध सोसायटीच्या चेअरमनसाहेबांचा. स्मशानातून परतताना त्यांनी मला विचारलं, "सर, वैशालीताई गेल्या. पर दूध रोज येनारच हाय. आता कसं?" दुसरा प्रश्न आबांचा, वैशालीच्या वडलांचा. ते एवढंच म्हणाले, "सर, कूलरच्या खोलीतलं मशीन तुमी न्हेणार का?"

आबा, त्या दिवशी मी गप्प बसलो. आज उत्तर देतो. पण आधी मला हे मशीन काय आहे ते सांगू द्या, कारण बाहेरगावचे पाहुणेही आलेत.

वैशाली आपल्या वडगाव निंबाळकरचीच पोरगी. माझी विद्यार्थिनी. पुण्यात चांगली नोकरी होती, ती सोडून ती बारामतीला आली आणि आम्ही दोघांनी मिळून एक लहानसं ऑफिस काढलं. तुम्ही दूध घालता, वजन होतं, फॅट लागते, आणि तुमच्या मोबाईलवर मेसेज येतो. ते सगळं आमच्या ऑफिसचं काम. त्यासाठीचे सर्व्हर मुंबईत, भाड्यानं घेतलेले. आपण ते कधी डोळ्यांनी पाहिलेही नाहीत. असा प्रत्येक सर्व्हर आपण काय काय केलं ते लिहीत असतो. कोण आत आलं, काय अडलं, काय बिघडलं. त्याला म्हणायचं लॉग. आणि सुरुवातीला हे लॉग त्याच सर्व्हरवर पडून असायचे.

एकदा कुणीतरी बाहेरून आत घुसलं. सगळा विस्कोट केला आणि जाताना लॉगही पुसून गेलं. कोण आलं, कुठून आलं, काही कळेना. मी डोकं धरून बसलो. वैशाली म्हणाली, "सर, चोर घरात शिरला तर घरातलंच पुसणार ना? लॉग लिहिला की लगेच दुसरीकडं गेला पाहिजे. लांब. दुसऱ्याच कुणाच्या तरी ताब्यात."

मी म्हणालो, "कुठं ठेवणार? बारामतीच्या ऑफिसात दुपारची लाईट जाते."

ती म्हणाली, "आमच्या डेअरीत ठेवू."

मला वाटलं चेष्टा करतेय. पण ती चेष्टा नव्हती. डेअरीत दूध थंड ठेवायचा मोठा कूलर आहे. लाईट गेली की तिथं लगेच जनरेटर सुरू होतो, कारण दूध नासलं तर गावाचं नुकसान. म्हणजे पंचक्रोशीत कधीच वीज न जाणारी जागा एकच. वैशालीनं तिथं भिंतीला फळी ठोकली, त्यावर मशीन ठेवलं, आणि मुंबईचे सगळे लॉग कूलरच्या खोलीत यायला लागले. त्यात काही बिघाड दिसला की ते मशीन आमच्या ऑफिसातल्या पडद्यावर कळवायचं. घर शेजारीच, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम आबांकडं. पुण्यातले माझे मित्र हसले होते. म्हणाले, सर्व्हरचा कारभार आता म्हशींच्या गावात का? मी म्हणालो, हो, आणि तुमच्यापेक्षा आमची लाईट बरी आहे.

मग आली खंडेनवमी. आता आपल्याकडं काय करतात ते मी तुम्हाला सांगायला नको. नांगर, ट्रॅक्टर, विळे, स्प्रे पंप, सगळं धुऊन पुसून ओळीनं मांडायचं, पूजा करायची, आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. आबांनी विचार केला, पोरीचं मशीन वर्षभर राबतंय, त्याला का सुट्टी नको? बटण बंद केलं. पिन काढली. फडक्यानं स्वच्छ पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, वर पेढा ठेवला.

हसा, हसा. वैशालीही हसली होती.

पण इकडं ऑफिसात काय झालं? पडद्यावर एकही तक्रार नाही. पोरं खूश. "सर, सण पावला, आज कुठं काही बिघडलंच नाही!" अरे, बिघडल्याचं सांगणाराच माळ घालून बसला होता. मुंबईत एक सर्व्हर सकाळपासून धापा टाकत होता, त्याची हाक कुणाला ऐकूच आली नाही. दसऱ्याच्या सकाळी कुणाच्याच मोबाईलवर दुधाचा मेसेज आला नाही, आणि सोनं वाटायच्या दिवशी तुम्ही आम्हाला जे काही वाटलंत ते मी इथं माईकवर सांगत नाही.

आबा फार खजील झाले. जेवायला बसेनात. तेव्हा वैशाली त्यांच्यासमोर बसून जे बोलली ते मी स्वतः ऐकलंय. "आबा, तुमची पूजा चुकली न्हाय. माझं चुकलं. मी पुण्याला जायची तवा पोचल्याचा फोन आल्याबिगर तुमी जेवत व्हता का?"

आबा म्हणाले, "न्हाय."

"फोन न्हाय आला तर काय समजत व्हता? सगळं बरं हाय असं?"

आबा म्हणाले, "छ्या! जीव टांगणीला लागायचा."

"मग माझ्या सर्व्हरला मी तसं शिकवलंच न्हाय. आता शिकवते."

आणि शिकवलं. मुंबईच्या सर्व्हरनं लॉग पाठवायचा, पण हातचा सोडायचा नाही. इकडून 'पोचलं' असा निरोप गेला, की मगच सोडायचा. वाट बंद असेल तर जपून ठेवायचा, उघडली की ओळीनं पाठवायचा. आणि सांगण्यासारखं काही नसलं तरी दर थोड्या वेळानं 'मी आहे' एवढं कळवायचंच. ते आलं नाही की आमचे फोन वाजणार. दुसरं मशीन तिनं इंदापूर तालुक्यातल्या एका डेअरीत ठेवलं. पूजा बंद केली नाही, बरं का. वडगावचं मशीन खंडेनवमीला सुट्टीवर, इंदापूरचं दसऱ्याला. दोन्ही गावांनी मान्य केलं. देवानंही केलं असावं, कारण त्यानंतर सणासुदीला कधी काही अडलं नाही.

तिच्या कामाची अजून एक रीत सांगतो. दर शनिवारी ती गुपचूप काहीतरी बंद करायची आणि ऑफिसातल्या पोरांना म्हणायची, शोधा. चहा मिळायचा तो सापडल्यावरच. मी म्हणायचो, "अगं, चालतंय ते कशाला बिघडवतेस?" ती म्हणायची, "सर, एक दिवस मी नसेन. लग्नाला जाईन, आजारी पडेन. तेव्हा यांना सापडलं पाहिजे." मी तो विषय उडवून लावायचो.

आता तिसऱ्या दिवसाची गोष्ट. सावडायचा विधी उरकून आम्ही सगळे आबांच्या अंगणात बसलो होतो. आमच्या ऑफिसातली अमृता, ती बघा खांबाजवळ बसलीये, तिचा फोन वाजला. एका सर्व्हरकडून 'मी आहे' येणं थांबलं होतं. ती माझ्याकडं आली. आणि मी सवयीनं म्हणालो, "वैशालीला विचार."

अमृता रडली. मीही रडलो. मग तिनं डोळे पुसले आणि कूलरच्या खोलीत गेली. एक रिकामा कॅन पालथा घालून त्यावर बसली. मधली एक वाट बंद पडली होती, ती तिनं हुडकली आणि उघडली. अडकून राहिलेले लॉग एकामागून एक यायला लागले. एकही हरवला नव्हता.

आबा दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "आलं का गं?"

अमृता म्हणाली, "आलं आबा. सगळं आलं."

आणि तेव्हा आबांनी माझ्याकडं वळून विचारलं, मशीन न्हेणार का. आबा, लॉग म्हणजे काय हे तुम्हाला आजही नीटसं सांगता यायचं नाही, आणि सांगायची गरजही नाही. पोरीनं ठोकलेल्या फळीवर पोरीचं मशीन लुकलुकतंय, आणि ते कुणी उचलून नेऊ नये, एवढंच तुम्हाला म्हणायचं होतं. हे मला समजलं होतं.

मग मी गप्प का बसलो? तर पुण्याची एक मोठी कंपनी आमचं काम घ्यायला तयार होती. मी थकलोय, मंडळी. वैशाली नाही तर कशाला, असं मला वाटत होतं. बारामतीत तर बातमी पसरलीही, सरांनी ऑफिस विकलं म्हणून. गाव माझ्यापेक्षा चार पावलं पुढंच असतं. कंपनीवाले म्हणाले, तुमची ती डेअरीतली मशीनं आधी काढून टाकू, आमच्याकडं मोठी जागा आहे. असेल. चांगलीच असेल. पण मी त्यांना कळवलंय, नको.

तात्या, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ऑफिस चालू राहणार. वैशालीच्या खुर्चीवर अमृता बसणार, आणि शनिवारी काय बंद करायचं ते आता ती ठरवणार. मला चहा मिळेल की नाही, तेही तिच्याच हातात. गेले आठ दिवस तुमच्या दुधाचे मेसेज वेळेवर आलेत की नाही? ते या पोरांनी केलंय. वैशालीला न विचारता केलंय. मला दुःख आहेच. पण त्या दुःखात मला ह्या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

आणि आबा, मशीन कुठंही जाणार नाही. माळ घालायची ती खुशाल घाला.

आता दुपार कलली. थोड्या वेळात संध्याकाळचं संकलन सुरू होईल. बाहेर कॅन घेऊन माणसं थांबलीत, मला दिसतायत. वैशाली असती तर मला खालीच बसवलं असतं. म्हणाली असती, "सर, म्हशी थांबत नाहीत." तेव्हा उठा. थोडा वेळ शांत उभं राहून तिला नमस्कार करू, आणि मग कुणी रेंगाळू नका, दूध घालायला चला. तुम्ही घातलेल्या दुधाची नोंद मुंबईला जाईल, आणि ती पोचल्याची खबर परत इथंच डेअरीत येईल, या भिंतीपलीकडच्या कूलरच्या खोलीत.

आबा, तुम्ही माझ्याबरोबर चला. आपण दोघं दारात उभे राहू, आणि आज 'आलं का' हे मी विचारीन.

वैशाली, बाळा, नमस्कार.