झोपडीपुढचा राजवाडा

मंडळी, आबासाहेब, अन् सावित्रीमाय, तुमी.

मी किसन सुतार. आपल्या जानेफळच्या नाटक मंडळीत पडद्याचे दोर माह्या हाती असतात. भाषण करणं माहं काम नाई. आबासाहेबांनी नाव घेतलं, म्हून आलो.

वसंतामास्तर मुदतीच्या तापानं गेला, त्याले आज दहा दिवस झाले. आतापर्यंत चौघं बोलले. थोर कलावंत म्हणाले, गावाचं भूषण म्हणाले. खरं सांगू? ऐकता ऐकता मले शिसारी आली. तुमची आली. अन् सगळ्यात जास्त माही सोताची आली.

वसंता नागपूरले कॉलेजात होता, तवाच त्याले नाटकाच्या मंचाचं येड लागलं. मले सांगे, किसन, अमेरिकेत एक विद्यापीठ हाये. मंच कसा बांधावा, उजेड कुठून पाडावा, तिथं हेच शिकवतात. मी म्हटलं, सुतारकाम शिकाले सातासमुद्रापार काऊन जाऊन राह्यला बे? मी हासलो. तो हासला नाई.

शिष्यवृत्ती देणारे दोन गृहस्थ नागपूरहून त्याचं काम पाहाले येणार होते. आपल्याच मांडवात. त्यानं एका गरीब विधवेचं नाटक घेतलं. महिनाभर आमी दोघं खपलो. तुराट्यांचं कूड केलं, शेणानं सारवलं, चूल मांडली, खरं दार बसवलं. खिडकीमांगं पिवळं फडकं लावून कंदील ठेवला, तं दिवेलागण झाल्यावानी वाटे. सावित्रीमाय, तुमी पोराच्या तालमीले आल्या, अन् सरळ त्या चुलीपाशी जाऊन बसल्या होत्या.

पण आपल्या इथं रीत हाये. ज्यानं पडदा देल्ला, त्याचा पडदा खेळात एकदा तरी पडलाच पाह्यजे. खाली त्याचं नाव असते ना! आबासाहेबांच्या वडलांनी राजवाडा रंगवलेला पडदा देल्ला होता. वसंतानं हात जोडले, नांदीच्या वक्ताले पाडतो म्हणाला. पाडलाही. पण आबासाहेबांचे व्याही उशिरा आले, त्यायचा तो पडदा पाहाचा राह्यला. मंग दुसऱ्या अंकात आबासाहेबांनी मले बोटानं खुणावलं. पुढं बसेल समद्यांनी पाह्यलं. अन् मी दोर सोडला.

झोपडी झाकली गेली. विधवा हातात सूप घेऊन संगमरवरी खांबांपुढं रडत उभी. तुमी हासले. पोट धरधरून हासले.

खेळ संपल्यावर पाहुण्यांनी वसंताले विचारलं, ही योजना कोणाची? मी बाजूलेच होतो. त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी आबासाहेबांच्या घरचा सुतार, माहं खोपट त्यांच्याच जागेत. त्याले ते ठाऊक होतं. तो म्हणाला, "माझीच."

मी तोंड उघडलं नाई. तुमच्यातल्या एकानंही उघडलं नाई. पाहुणे गेले, त्यायच्यासंगं विद्यापीठही गेलं. मंग सोळा वर्सं तो शाळेत पोरायले आंबा अन् लोटा काढाले शिकवत राह्यला. माह्या ओट्यावर येऊन बसे, चहा पिये, पण त्या गोष्टीचा एक शबुद नाई. त्यानं मले शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. आज त्याले भूषण म्हणता? थू आपल्या जिनगानीवर. माह्या पहिले.

सावित्रीमाय, तुमी बायांच्या बाजूले होत्या. तुमाले ते बोट दिसलं नसन. माह्या पोरानं सोताच्या हातानं नशीब फोडलं, असं तुमी आजवर म्हणत आल्या. नाई हो माय. त्याचं काहीच चुकलं नोतं. आबासाहेबांनी बोट हालवलं अन् राजवाडा मी सोडला.

आबासाहेब, जाऊ नका. दोन मिनिटं उभं राहाचं हाये. समद्यांनी उभं राहा. मान खाली घालू नका. ही त्याची माय बसली हाये. तिच्या तोंडाकडं पाहा, अन् गप्प राहा.