दर शंभर ग्रॅममागे

अगं, तो डबा राहू दे तिथेच, रिकामाच आहे — म्हणजे अगदी रिकामा नाही, अर्धा आहे — आणि अंतरा, तुला तू म्हटलं तर चालेल ना? बस अशी. हॉस्पिटलवाल्यांनी बरं केलं, मराठी मुलगी पाठवली. आमच्या सासूबाईंना हिंदी येत नाही असं नाही, सगळा जन्म काशीत, मंगला गौरीच्या ह्याच गल्लीत गेला, पण पथ्याचं सांगायला कोणी हिंदीत आलं की त्या झोपेचं सोंग घेतात. तर काय म्हणत होतीस — शुगर तीनशे ऐंशी कशी आली? आता मी काय सांगू! वही तुझ्या हातात आहे. बघ की. सकाळी दोन फुलके, लौकीची भाजी, ताक. दुपारी एक फुलका, मूग. इन्सुलिनची सुई दोन्ही वेळा मी स्वतः देते, तुमच्या कागदावर लिहिलीय तेवढीच, एक युनिट कमी नाही की जास्त नाही. सगळं लिहिलेलं आहे. मला लिहायची सवय आहे.

तो? तो अ‍ॅपल पाय. सिगरा भागातल्या मॉलमध्ये मिळतो. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, त्याला सफरचंदाची करंजी म्हणतात, आणि खोटं नाही, करंजीच ती, फक्त गोल आणि चपटी. हो, फळाचा आहे, डब्यावर सफरचंद एवढं मोठं छापलंय की वाटावं आत दुसरं काही नसेलच. आत सफरचंद बत्तीस टक्के. बाकी मैदा, पाम तेल, साखर, मग द्रव ग्लुकोज, मग माल्टोडेक्स्ट्रिन — साखरेलाच तीन नावं, म्हणजे यादीत ती पहिली येत नाही. बघितलंस का चोरटेपणा? दर शंभर ग्रॅमला कर्बोदकं एक्केचाळीस, त्यातली साखर एकोणीस. आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात — एका वेळचं खाणं साठ ग्रॅम. साठ! म्हणजे चारशे ऐंशी ग्रॅमच्या डब्यात आठ माणसं. कुठल्या घरात त्याचे आठ तुकडे होतात गं? चार होतात. एका तुकड्यात जवळजवळ पन्नास ग्रॅम कर्बोदकं — नको, कॅल्क्युलेटर नको काढूस, माझं तोंडपाठ आहे.

कसं म्हणजे? मधुरामुळे. माझी मुलगी. आठ वर्षांची असताना कळलं, जन्मभराचा डायबिटीस, सुईशिवाय गत्यंतर नाही. तेव्हापासून मी बिस्किटाचा पुडासुद्धा भिंग लावून वाचायला लागले. पंधरा ग्रॅमला एक युनिट, पंधरा ग्रॅमला एक युनिट — दुसऱ्या बायका जप करतात, मी हे करायचे. तीन वर्षं एक दिवस चुकला नाही. पोरगी पळायची, नाचायची, गंगेत डुंबायची, कोणाला कळायचंसुद्धा नाही. आणि मग तिकडे इंदूरला माझी आई वारली. चार दिवस जावं लागलं. जाताना सगळं लिहून दिलं, वही दिली, सुया मोजून दिल्या, सासूबाईंच्या हातात दिल्या — ह्यांच्या नाही, हे रेल्वेत, ड्युटीवर — आईंच्या. त्या म्हणाल्या, जा तू निर्धास्त.

पेढे, अंतरा. देवीला नवस बोलल्या होत्या त्या, पोरीची सुई सुटू दे म्हणून. चार दिवस देवीसमोर नैवेद्य, आणि मग तो पोरीला. आणि सुई बंद, कारण एकीकडे देवीला हात जोडायचे आणि दुसरीकडे सुई टोचायची, म्हणजे विश्वास नाही असं झालं ना! मी आले तेव्हा मधुरा श्वास घेत होती तो असा — भात्यासारखा. दुसऱ्या दिवशी गेली. अकरा वर्षांची. वही उघडली तर चार पानं कोरी. मी विचारलं, आई, लिहिलं का नाहीत? तर म्हणाल्या, प्रसाद कोणी लिहून ठेवतं का? प्रसादाला साखर नसते, सुरेखा. अगदी शांतपणे. मणिकर्णिकेवर मला नेलं नाही, बायका जात नाहीत म्हणे. मी पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर बसून धुराकडे बघत राहिले, त्यातला तिचा कुठला तेही कळत नव्हतं.

राग? नाही गं, नऊ वर्षं झाली. राग कसला. — आहे. खरं सांगू? आहे. त्यांनी एकदा, एकदाच म्हणायचं होतं, सुरेखा, माझं चुकलं. नऊ वर्षांत नाही म्हणाल्या. देवीनं नेली म्हणतात. भाजी चिरताना म्हणतात, मोहल्ल्यातल्या बायका आल्या की म्हणतात, देवीनं नेली. तरी मी सगळं करते हं. त्यांना अंघोळ घालते, टाचेची जखम धुते. भरत नाहीये ती, काळी पडत चाललीय, बघितलीस ना मघाशी? तूप लावलेला फुलका देत नाही. वहीत बघ, काही चुकलेलं सापडणार नाही.

तो अ‍ॅपल पाय वहीत नाही. कसा असेल? तो आधी देवीपुढे ठेवते, तुळशीचं पान, पाणी फिरवते, घंटा — मग आईंना. रोज चार वाजता. प्रसाद कोणी लिहून ठेवतं का?

अशी काय बघतेस? मी तोंडात कोंबत नाही. विचारते, आई, किती देऊ? त्या म्हणतात, अजून थोडा. गोडावर जीव आहे त्यांचा, आता दिसत नाही नीट, ऐकू कमी येतं, एवढंच उरलंय. परवा मात्र हात आखडला त्यांनी. म्हणाल्या, सुरेखा, ह्यात साखर किती असते गं? मी म्हटलं, आई, प्रसादाला साखर नसते. माझ्याकडे तोंड वळवलं त्यांनी. वाटलं, आता म्हणतील. आता तरी म्हणतील. मी ताटली हातात धरून उभी — म्हणाल्या असत्या ना, देवाशप्पथ, खिडकीतून फेकून दिला असता. तर त्यांनी काय केलं, ओंजळ पुढे केली. आणि डोळे मिटून खाल्ला. सगळा.

फोन कोणाला लावतेस? ह्यांना? हे ड्युटीवर उचलत नाहीत. मी लावला होता त्या वेळी इंदूरहून, तेव्हाही नव्हता उचलला. ठेव तो. — आले हो आई, आले! — हाक आली बघ, चार वाजले. तू नीघ आता. पुढच्या मंगळवारी ये, शुगर तपासायला. नाही, आत नको जाऊस, नैवेद्याच्या वेळी आम्ही बाहेरचं कोणी आत घेत नाही. आणि वही दे इकडे.

वही दे, अंतरा.