तू पी, मी ऐकतो

...आन् कडी लाव, नागनाथ. बघायलास काय आसं? व्हय, दारूच हाय. आन् दर पौर्णिमेला विहारात तुला उभं करून दारूवर बोलनारा मीच तुला पाजायला बोलवलोय – हास, हास. छप्पन साली पंचशील घेतलो, तवापास्नं जिभंला थेंब लागू दिलो न्हाई, आन् आज सकाळधरनं हिला ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ निजवलोय, तापातल्या लेकरावानी.

आमच्या पोरानं, मिलिंदनं धाडलीय, विलायतेहून. शेतकी शिकायला गेला आन् द्राक्षाची दारू करायला लागला – पांढरी, फेसाची. तिथं ऊनच न्हाई, द्राक्ष आंबटच ऱ्हातंय म्हन, त्या आंबटाचीच ही. घेऊन आलेल्या दोस्ताजवळ निरोप दिलाय – दादा, माझ्या हातची ही पहिली, चांगली वाटली तर हितंच ऱ्हातो, न्हाई तर सोडून जनवाड्याला येतो. आता मी पिऊ कसा? म्हून तू.

घे. थांब, आधी बघ – बुडबुडे कसे बारीक, एकामागं एक मुंग्यावानी वर निघालेत. वास मी घेतलोय. वासाला पंचशीलात मनाई न्हाई, दोनदा म्हनून बघितलो. कच्च्या सफरचंदाचा वास, आन् मागून बिदरच्या बेकरीतल्या पावाचा. कान लावूनबी बघितलो, आतून चुरचुरतंय. नाक माझं झालं, कान माझा झाला, आता जीभ तेवढी तुझी – पी की.

लागली जिभंला? आंबट हाय न्हवं? लई आंबट? थुकावं वाटायलंय तर थूक, हितंच थूक, मी काय म्हननार न्हाई... गिळलास व्हय. आन् डोळे कामून मिटलास? नीट बघ, कुठंतरी कसर आसंल. आरं, त्याला हितं साधं ताक घुसळता यायचं न्हाई! मी बाजंला नवी सुतळी भरलोय, पोरगं यायलंय म्हून त्याच्या आईला सांगून बसलोय – तू एक शब्द वाकडा बोललास की ते घरी येतंय, नागनाथ. एवढंच हाय.

काय म्हनलास?... जन्मात आसं काय पिलो न्हाई?

बरं. मग तसंच कळवावं लागतंय. खोटं बोलायचं न्हाई, हेबी पंचशीलातच हाय, मेलं.

न्हाई, मला काय झालं न्हाई. बाटली घे आन् ऊठ. आलास तसा मागच्या दारानं जा – पुढं त्याची आई त्याची खोली सारवायलीय.