नऊ गाड्यांची जागा

निरोप समारंभाच्या अध्यक्षा सुनेत्राताई, व्यासपीठावर अवघडून बसलेली आजची उत्सवमूर्ती ज्ञानदा, मंडळाचे पदाधिकारी, पहिल्या रांगेतले काका, काकू, मावश्या आणि मागे सामोशांच्या टेबलाशी घुटमळणारी तरुण मंडळी, सर्वांना नमस्कार.

मी विनय. पिवळं जॅकेट घालून हातवारे करणारा माणूस तो मीच. या स्टेट कॉलेज गावातल्या आपल्या मराठी मंडळाचं पार्किंग अकरा वर्षं माझ्याकडे आहे. या शाळेच्या लॉटमध्ये चौऱ्याऐंशी गाड्या मावतात असं शाळा सांगते. मी संक्रांतीला सत्त्याण्णव लावून दाखवल्यात. याच मिजाशीपायी ज्ञानदाचं आणि माझं पहिलं भांडण झालं.

ही कराडहून सिव्हिलमध्ये पीएचडी करायला आली. विषय काय, तर बर्फाच्या गावात पार्किंग लॉटमधून माणसांनी चालायचं कसं. मी म्हटलं, "अगं, पायांनी! यात पीएचडी कसली?" ती हसली नाही. म्हणाली, "काका, तुमच्या लॉटमध्ये माणसं कुठून चालतात?" मी रुबाबात झेब्रा पट्टे दाखवले. "हे जानेवारीत दिसतात?" जानेवारीत ते वीतभर बर्फाखाली असतात.

मग दर स्नोफॉलनंतर ही मुलगी इथे येऊन पावलांच्या ठशांचे फोटो काढायला लागली. निघालं काय? पट्ट्यांवरून कोणीच चालत नाही. सगळे गाड्यांच्या चाकोरीतून चालतात, कारण तेवढंच साफ असतं. म्हणजे नेमके रिव्हर्स येणाऱ्या गाडीच्या मागून! त्यात बर्फ ढकलणारा प्लाउवाला ढीग रचतो दाराजवळ, त्याच्याआड उभा माणूस दिसत नाही. तिने ड्रॉइंग आणलं. मधल्या नऊ जागा काढून दारापर्यंत सरळ पायवाट, दोन्ही बाजूंना वाळूच्या बादल्यांत उंच केशरी खांब, ढीग लांबच्या टोकाला, आणि गाड्यांच्या आधी पायवाट साफ करायची. नऊ जागा? मी कमिटीत ते हाणून पाडलं.

त्याच वर्षीच्या संक्रांतीला आपल्या संग्रामच्या आई, अहिल्यामावशी, इथे लॉटमध्ये पडल्या. खांद्याचं हाड मोडलं. इतिवृत्तात लिहिलंय, 'बर्फावरून घसरून पडल्या.' कमिटीने लगेच बर्फ वितळवायला मिठाच्या वीस गोण्या आणून टाकल्या.

ज्ञानदा माझ्या घरी आली. "काका, मी ती जागा पाहिली. तिथे कोरडं डांबर होतं. मावशी घसरल्या असतील तर मीठ बरोबर आहे. तसं नसेल, तर आपण भलताच उपाय करतोय."

सुनेत्राताई, दोन मिनिटं जास्त घेतो.

मावशी घसरल्या नाहीत. त्यांना माझी गाडी लागली. त्या तिळगुळाचा डबा घेऊन ढिगाआडून आल्या आणि मी अठ्ठ्याण्णवावी गाडी बसवायच्या नादात रिव्हर्स घेत होतो. उतरून पाहतो तर मावशी खाली, आणि वर मलाच म्हणतात, "घसरले म्हणून सांग रे. तुझं ग्रीन कार्डचं चाललंय, पोलिसांची भानगड नको." मी तसंच सांगितलं. घाबरलो होतो हे खरं. पुढे ते सोयीचंच वाटायला लागलं, हेही खरं. संग्राम, तुझ्या आईचं हे तू आज पहिल्यांदा ऐकतोयस. मी तुझ्याकडे फळं घेऊन आलो, तुझा चहा प्यायलो आणि गप्प राहिलो. मला लाज वाटते. रिपोर्ट करायचा असेल तर कर, मी बरोबर येईन.

ज्ञानदाला मी तेव्हाच खरं सांगितलं. ती भयंकर रागावली. "हे मी कोणाला सांगणार नाही, तुम्ही सांगायचं," एवढंच म्हणाली. तिने ते ड्रॉइंग पुन्हा आणलं, आणि या खेपेला मी मुकाट्याने हो म्हटलं. पायवाट झाली. दोन हिवाळे कोणालाही खरचटलंसुद्धा नाही.

आता बाईसाहेब नोकरीवर निघाल्या अर्विंगला, टेक्सासात! तिथे बर्फ बघायला फ्रीज उघडायचा. इकडे पुढच्या रविवारच्या मीटिंगचा विषय काय आहे? 'नऊ जागा परत घेणे.' कारण दिलंय, 'घसरण्याचा प्रश्न मिठाने सुटला आहे.' माझ्या खोटेपणावर ही पायवाट बंद होणार आणि उद्या तिथे कोणाची तरी आई, कोणाचं तरी पोर येणार. सेक्रेटरीसाहेब, इतिवृत्तातलं ते वाक्य खोडा. 'विनयच्या गाडीचा धक्का लागून पडल्या,' असं लिहा.

ज्ञानदा, मी तुला इतका त्रास दिला आणि तू माझं काम मात्र चोख केलंस. खूप मोठी हो.

शाळेचे, स्वयंपाकघरातल्या मंडळींचे आणि हे सगळं शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. गाडीचं मात्र घालू नका.

बसण्याआधी रीत सोडून एकच विचारतो, अध्यक्षांनी माफ करावं. पायवाट राहावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा. करा, लाजू नका. मावशी, तुम्ही डावा करा. उजवा वर जात नाही, मला माहीत आहे.