मेल्यावर चार दिवसांनी

(कारखान्याच्या कामगार कल्याण विभागाची खोली. टेबलापलीकडे साहेब, अलीकडे वहिनी आणि तिची नणंद.)

साहेब : ...आणि इथं सही. अपघात त्यांच्याच निष्काळजीपणामुळे झाला, हे घरच्यांना मान्य आहे, असं.

वहिनी : कुठं, इथं?

नणंद : थांब वहिनी. साहेब, फाईल बघू जरा.

साहेब : बघा की. वकील का तुम्ही?

नणंद : नाही. इतिहासात बी.ए.

साहेब : अरे वा. पण यात राजे-बिजे नाहीत हो.

नणंद : दादा पण असंच चिडवायचा. पदवी मिळाली तेव्हा गल्लीभर सांगत सुटला, आमचं येडं आता मेलेल्यांची चौकशी करणार.

वहिनी : चिडवायचे, पण तुमचा पदवीचा फोटो पाकिटात ठेवायचे.

नणंद : साहेब, प्रेस मशीन कसं चालवायचं ते त्याला शिकवलं होतं?

साहेब : म्हणजे काय! ही त्यांची सही. पुढं शेरा वाचा. ‘लक्षपूर्वक ऐकले. शंका विचारल्या. प्रात्यक्षिक उत्तम.’

नणंद : तारीख?

साहेब : सोळा.

नणंद : दादा बाराला गेला.

साहेब : ...सहाची सोळा झाली असेल लिहिताना.

नणंद : अख्ख्या पानावर सोळाच आहे. मेल्यावर चार दिवसांनी येऊन त्यानं शंका विचारल्या?

साहेब : अहो ताई, महिन्याच्या सह्या-शेरे आम्ही एक तारखेलाच उरकतो. सगळीकडे असंच चालतं. मधेच कुणी जाईल हे काय ठाऊक?

नणंद : सनावळ्या मी कधीच विसरले, साहेब. एवढंच राहिलंय डोक्यात. कागद हातात आला की विचारायचं, कुणी लिहिला, कधी लिहिला, कुणाच्या सोयीसाठी लिहिला.

वहिनी : म्हणजे त्यांना शिकवलंच नव्हतं?

नणंद : नाही गं. सोळाला शिकवणार होते. मशीनवर मात्र आधीच उभं केलं.

साहेब : हे बघा वहिनी, आज सही केलीत तर आज सुटाल. नाहीतर चौकशी, हेलपाटे. वर्षं जातील.

वहिनी : महिना झाला, रोज भांडतेय मी त्यांच्याशी. फोटोसमोर उभी राहून. लक्ष कुठं होतं तुमचं, म्हणून.

नणंद : वहिनी...

वहिनी : पोरीलाही तेच सांगितलं. तुझे बाबा वेंधळे होते, म्हटलं.

साहेब : मग काय ठरलं?

वहिनी : नाही करत. चला वन्सं, शाळा सुटायच्या आत पोचू. तिला मीच सांगते.